एका दिवसाची सहल, सहा आठवड्यांची तयारी

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझे धाकटे दीर कुवेतहून महिन्याच्या रजेवर आले होते. दोन वर्षांनी घरी आलेला माणूस, त्यामुळे मुलं दिवसभर त्यांच्याच भोवती. एका शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मुलांनी थीम पार्कचा विषय काढला. दीर लगेच म्हणाले, "चला, उद्याच जाऊ. सगळा खर्च माझा." झालं! रात्री अकराला गाडीवाल्याला फोन गेला. सकाळी सातला निघायचं ठरलं. घरात माणसं अकरा. कुणाचा मोजा सापडेना, कुणाचं पाणी भरायचं राहिलं. निघालो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

महाडहून मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाची अवस्था कोकणातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. बागेच्या दारात पोहोचलो तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. मे महिन्यातला रविवार, डोक्यावर ऊन आणि तिकिटाच्या खिडकीपुढे रांग. आत शिरेपर्यंत दोन वाजले. त्या बागेचं नाव सांगत नाही, कारण चूक बागेची नव्हती, आमची होती.

त्या दिवशी मोठ्या मुलांच्या वाट्याला चार राईड आल्या, लहानांच्या वाट्याला तीन. माझा मुलगा नुकताच पाचवी पास झाला होता. ज्या राईडसाठी तो आदल्या रात्री झोपला नव्हता, तिच्या रांगेत पाऊण तास उभा राहिला. तोंडाशी पोहोचल्यावर उंची मोजायच्या फळीपाशी तो दोन बोटं कमी पडला. तिथला मुलगा नियमाने वागला आणि ते बरोबरच होतं. माझा मुलगा रडला नाही. कठड्याला धरून चुलतभावांना वर जाताना बघत राहिला.

आणि अम्मी. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. दोन्ही गुडघे दुखतात. आत शिरल्याबरोबर त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, मी सामानापाशी बसते." दोन वाजता त्या एका बाकावर बसल्या आणि साडेसातला आम्ही त्यांना तिथूनच उठवलं. जोहर आणि असर त्यांनी त्या बाकावरच बसून पढली. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "अम्मी, कंटाळला असाल ना?" त्या म्हणाल्या, "नाही गं. आठ पिशव्या होत्या. मोजत बसले होते."

गाडीत सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा तिकिटं काढली होती, त्यातलं एक पिशव्या मोजण्यासाठी काढलं होतं.

बाकावर बसलेला बाप

नंतर एकदा वर्गातल्या मुलांना 'शोधांच्या गोष्टी' सांगताना मला वॉल्ट डिस्नेची गोष्ट वाचायला मिळाली. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो रविवारी आपल्या दोन मुलींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसवायला न्यायचा. मुली घोड्यांवर फिरायच्या आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तिथे त्याच्या मनात आलं, की मुलं आणि मोठी माणसं मिळून मजा करतील अशी जागा असायला हवी. त्यातूनच १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं.

म्हणजे डिस्नेलँड ही कल्पनाच मुळी बाकावर बसून राहिलेल्या माणसाची आहे. आणि आम्ही तिथे जाऊन घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला बाकावर बसवून आलो.

गंमत अशी, की डिस्नेलँडचा पहिला दिवससुद्धा फसला होता. निमंत्रणावरून यायचं होतं, पण खोटी तिकिटं घेऊन माणसं घुसली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे सुमारे २८,००० लोक आले. नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. नळ बसवणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते, आणि कडक ऊन होतं. कोट्यवधी डॉलर ओतणाऱ्याचंही नियोजन चुकलं, तर आमच्या शनिवारी रात्री ठरलेल्या सहलीचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे दिल्लीत १९८४ मध्ये अप्पूघर निघालं, मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड. माझ्या पिढीतल्या अनेकांची पहिली मोठी सहल तिथलीच. शाळेची बस, मग खाडीतून बोट आणि पलीकडे पाळणे. तेव्हा आम्हाला वाटायचं, सहल आपोआप होते. आता शिक्षिका झाल्यावर कळतं, की आमच्या गुरुजींनी महिनाभर याद्या केल्या होत्या, पालकांच्या सह्या घेतल्या होत्या आणि कोणाला बोट लागते हेसुद्धा लिहून ठेवलं होतं. शाळेच्या चाळीस मुलांसाठी आपण जी काळजी घेतो, ती घरच्या अकरा माणसांसाठी का घेत नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि पुढच्या वेळी दुरेघी वही काढली.

किती आधीपासून?

हे बागेवर अवलंबून आहे. अमेरिकेत ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं. तिथे एक नाही, चार थीम पार्क आहेत. तिथे जाणारी कुटुंबं सहा-सहा महिने आधी तारखा ठरवतात, आणि नुसतं जेवणाचं टेबल मिळवायचं तर त्याचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आखातात आपली कितीतरी माणसं आहेत. त्यांच्याकडे जाऊन अबूधाबीचं फेरारी वर्ल्ड पाहायचं म्हटलं, तर पासपोर्टची मुदत, व्हिसा आणि विमानाचं भाडं यांसाठी तीन-चार महिने हवेतच. तिथे एक सोय मात्र आहे. उन्हाच्या देशातली ही बाग बहुतेक छताखाली, थंडाव्यात आहे.

आपल्या राज्यातल्या बागेसाठी इतकं काही लागत नाही. माझ्या अनुभवाने सहा आठवडे भरपूर झाले, चारांतही भागतं. पण त्या आठवड्यांत काय करायचं हे कळलं पाहिजे.

आम्ही निवडलं ते खोपोलीजवळचं इमॅजिका. चित्रपटक्षेत्रातल्या मनमोहन शेट्टींनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आणि २०१६ मध्ये बर्फाचं पार्क आलं. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. खोपोली-पाली रस्त्यावर असल्यामुळे आम्हा महाडकरांना मुंबईपर्यंत जायचीही गरज नाही. माणगाव, कोलाड, मग वाकण फाट्यावरून आत वळून पाली, की पुढे सरळ रस्ता. मुंबई-ठाण्याच्या लोकांना खोपोलीपर्यंत लोकल आहे, पुण्याकडच्यांना द्रुतगती मार्ग.

सर्वांत आधी तारीख. दीर पुन्हा येणार होते. त्यांनी या वेळी रजा टाकण्याआधीच मला विचारलं, "भाभी, कधी येऊ?" मी रमजान, परीक्षा आणि सुट्ट्या असं सगळं एका कागदावर मांडलं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं गणित या वर्षी चालत नाही. ईदनंतरचे दोन-तीन दिवस आपलीच माणसं बागांमध्ये इतकी असतात, की सलाम करता करता दिवस जाईल. शिवाय उर्दू शाळा आणि मराठी शाळा यांच्या सुट्ट्या नेहमी जुळतातच असं नाही. माझी शाळा, मुलांची शाळा, जाऊबाईंच्या मुलांची शाळा, तिन्ही तपासाव्या लागल्या.

आता एक आतली गोष्ट सांगते. लोक म्हणतात, शनिवार-रविवार टाळा. ते खरंच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात, तर तिथे आम्ही भेटू, म्हणजे शाळांच्या सहली! चाळीस-चाळीस मुलांच्या रांगा आणि शिट्ट्या फुंकणारे शिक्षक. म्हणून आम्ही नोव्हेंबर निवडला. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, बुधवार. लोक गावाहून परतून वह्या-पुस्तकांच्या खरेदीला लागलेले असतात.

मग उंची. सहा आठवडे आधी मी दाराच्या चौकटीपाशी सगळ्या मुलांना उभं केलं आणि पेन्सिलने खुणा केल्या. बागेच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडची उंचीची अट दिलेली असते. त्यावरून प्रत्येक मुलाच्या नावाने यादी केली, हा कुठे बसेल, कुठे नाही. धाकट्या पुतणीचा हिरमोड झाला खरा, पण तो घरी, आईच्या मांडीवर झाला. पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर झाला नाही. लक्षात ठेवा, अनेक बागांत लहान मुलांचं तिकीटसुद्धा वयावर नसतं, उंचीवर असतं.

चार आठवडे आधी तिकिटं. घरबसल्या काढलेलं तिकीट बहुधा दारातल्यापेक्षा स्वस्त पडतं आणि खिडकीची रांग वाचते. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी वाचा. तारीख बदलता येते का, आणि पैसे परत मिळतात का. अकरा माणसांत कुणाला तरी ताप येतोच.

आमच्या घरात वॉटर पार्कवर चर्चा झाली. तिथे सुती कपडे चालत नाहीत. सुताचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात आणि भिजलेलं सूत अंगाला जड होतं. नायलॉनसारख्या कापडाचा पोशाख लागतो. हल्ली अंगभर, डोकं झाकणारे पोशाखही बाजारात मिळतात, पण ते चालतात का हे प्रत्येक बागेला आधी फोन करून विचारलेलं बरं. दारात वाद घालण्यात मजा नाही. आम्ही ठरवलं, की एका दिवसात एकच बाग. दोन्ही करायला गेलं की दोन्हींचं अर्धवट होतं.

खाण्याचंही आधी विचारावं. बाहेरचे पदार्थ बहुतेक बागांत आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं यांना सहसा हरकत नसते. गोश्त हलाल आहे का, हे सहा आठवडे आधी फोनवर विचारणं सोपं असतं. भुकेल्या मुलांना घेऊन काउंटरवर विचारणं अवघड. आम्ही आत शाकाहारी खायचं ठरवलं आणि वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या, सुका खिमा आणि उकडलेली अंडी गाडीत घेतली.

अम्मींचा पान

या सगळ्या याद्या झाल्या तरी वहीतलं एक पान कोरं होतं. वर नाव लिहिलं होतं, अम्मी.

अम्मींचं म्हणणं ठरलेलं होतं, "मी घरीच थांबते. तुम्ही मोकळेपणाने फिरा." मुलांच्या अब्बांना ते पटायला लागलं होतं. मलाही क्षणभर वाटलं, खरंच त्यांना त्रास कशाला? पण मग त्या आठ पिशव्या आठवल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "अम्मी, तुम्हाला काय बघायला आवडेल?" त्या गप्प राहिल्या. हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मग म्हणाल्या, "लहानपणी उरुसात लाकडी घोड्यांचा पाळणा यायचा. अब्बा बसू द्यायचे नाहीत. मुलगी म्हणून."

मी पानावर लिहिलं, घोडे.

त्यानंतरचं काम सोपं झालं. थंड हवेत बसून पाहता येतील असे कार्यक्रम कोणते, कुठे चढ आहे, कुठे सावली आहे, हे पाहिलं. बागेत चाकाची खुर्ची भाड्याने मिळते का, हे फोन करून विचारलं. अम्मींना ते कळल्यावर त्या तडकल्या, "मी काय आजारी आहे?" दीर म्हणाले, "अम्मी, खुर्ची सामानासाठी आहे. पिशव्या ठेवायला." तो विषय तिथेच मिटला.

तो बुधवार

फजरनंतर लगेच निघालो. पिशव्या आदल्या रात्री दाराशी रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक मुलाच्या खिशात दोन मोबाइल नंबरांची चिठ्ठी होती. दार उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही हजर.

आत शिरल्यावर बहुतेक लोक समोर जी पहिली राईड दिसते तिथेच रांग लावतात. मुलांना मी घरीच हिशोब घालून दिला होता. एका फेरीला २० माणसं आणि फेरीला ३ मिनिटं, तर तासाला ४००. पुढे २०० माणसं उभी असतील तर अर्धा तास गेला. पहिल्या तासात पुढे वीसच असतात. म्हणून मोठ्या राईड पहिल्या तासात, आणि सुरुवात बागेच्या लांबच्या टोकापासून. मोठी पोरं थेट 'नायट्रो'कडे गेली. पायांखाली फळी नसलेला, पाय लोंबकळत ठेवणारा तो रोलर कोस्टर. माझा आठवीतला मुलगा फळीपाशी उभा राहिला, मान ताठ. या वेळी बोटंभर वरच होता. खाली उतरल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि म्हणत होता, "पुन्हा."

'अलीबाबा और चालीस चोर'च्या रांगेत मी मुलांना एक गोष्ट सांगितली. उर्दूच्या तासाला 'अलिफ लैला'चं नाव त्यांनी ऐकलं होतं. पण अलीबाबाची कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. पॅरिसला गेलेल्या हन्ना दियाब नावाच्या सीरियन तरुणाने १७०९ मध्ये ती आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली आणि मग ती पुस्तकात शिरली. म्हणजे एका प्रवाशाने परक्या गावात सांगितलेली गोष्ट जगभर झाली. रांगेतला वेळ कसा गेला कळलं नाही. रांग टळत नाही, तेव्हा रांगेसाठीसुद्धा काहीतरी सोबत घेऊन जावं.

दुपारी दीड ते तीन वहीत मी मुद्दाम काहीच लिहिलं नव्हतं. जेवण, नमाज, विसावा. आम्ही शाफई, त्यामुळे प्रवासात जोहर आणि असर कस्र करून एकत्र पढण्याची सवलत आम्हाला आहे. हनफी घरांनी असरची वेळ वेगळी धरून ठेवावी. एक पातळ चटई पिशवीत होती. तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारल्यावर त्याने सावलीतला कोपरा दाखवला. अम्मी तोवर त्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर एक पिशवी ठेवून, म्हणजे सामानाची खुर्ची सामानासाठीच आहे हे सिद्ध व्हावं!

त्या मोकळ्या दीड तासात बाकीचे पेंगत असताना धाकटी पुतणी अम्मींचा हात धरून म्हणाली, "दादी, मला मोठ्यांच्या राईडवर घेत नाहीत. तू चल माझ्याबरोबर." दोघी घोड्यांच्या चक्राकडे निघाल्या. मी आणि दीर मागे. चढायला पायरी होती. दिरांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. घोड्यावर पाय टाकणं गुडघ्यांना जमलं नाही. अम्मी घोड्याच्या शेजारी, बसायच्या जागेवर टेकल्या आणि पुढच्या घोड्याच्या मानेवर हात ठेवला. चक्र सुरू झालं. दुपट्टा सावरत त्या हसत होत्या. आवाज न करता, तोंडावर हात ठेवून, जशा मुली हसतात.

दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाभी, मागच्या वेळी मी इतके पैसे खर्च केले. हे एवढंच करायचं होतं."

वहीत न मावणारं

सगळंच योजल्याप्रमाणे झालं असं मात्र नाही. एका कार्यक्रमाची वेळ चुकली. जाऊबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. मधल्या मुलाला चक्कर आली आणि त्याने दुपारनंतर काहीच केलं नाही. सहा राईड राहून गेल्या. पण मागच्या वेळेसारखं कुणी कुणावर चिडलं नाही, कारण प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेली एक गोष्ट तरी त्याला मिळाली होती. मला आता वाटतं, तयारी म्हणजे मिनिटामिनिटाचं वेळापत्रक नव्हे. तारीख, उंची, तिकीट, खाणं आणि औषध एवढं आधी पक्कं करावं. घरातल्या प्रत्येकाला, अगदी 'मला काही नको' म्हणणाऱ्यालाही, एक प्रश्न विचारावा. आणि दिवसाचा एक तुकडा मोकळा सोडावा.

तुम्ही जायचं ठरवत असाल, तर आज रात्री फक्त एक काम करा. वहीचं एक पान घ्या, घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची इच्छा लिहा. जिथे जागा कोरी राहील, तिथून सुरुवात करा.

दीर कुवेतला परत गेले. परवा फोनवर अम्मींनी त्यांना विचारलं, "आता रजा कधी?" ते म्हणाले, "दोन वर्षांनी, अम्मी." त्यावर अम्मी म्हणाल्या, "मग भाभीला आत्ताच सांग. तिला वही करायला वेळ लागतो."